डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब मोटर आहे? व्होल्टेजची तक्रार अशी करा

आटपाडीत माझं मोटरी भरायचं, म्हणजे जळलेलं वाइंडिंग नवं घालायचं, दुकान आहे. लोकांची मोटर जळते तेव्हा माझी चूल पेटते, तरीही सांगतो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून मोटरी वाढल्या, तारा जुन्याच राहिल्या. दर उन्हाळ्यात लायनीच्या टोकाच्या वस्त्याच माझ्याकडं येतात; डीपीखालचा बागायतदार क्वचित दिसतो.

मोटर खोलली की वाइंडिंग स्वतः बघा. मोटरीला वीज तीन फेजनी, म्हणजे तीन तारांनी येते. स्टार जोडणीत (तिन्ही कॉइलींची एकेक टोकं एकत्र बांधलेली) दोन फेजच्या कॉइली काळ्या नि तिसरी लखलखीत असेल, तर एक फेज गेला होता. तिन्ही सारख्याच करपल्या असतील तर बहुतेकदा व्होल्टेज कमी किंवा लोड जादा. व्होल्टेज पडलं की मोटर जादा अँपिअर ओढते, त्यानं तारेत व्होल्टेज आणखी पडतं.

"लाईट कमी येतीया" असं तोंडी सांगून कुणी हलत नाही. सगळ्या मोटरी चालू असताना वायरमनकडून स्टार्टरवर तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजून, वेळेसकट लिहून घ्या. ४१५ व्होल्टच्या ६ टक्के खाली, म्हणजे ३९० पर्यंत चालतं. त्याच वेळी डीपीजवळच्या स्टार्टरवरही मोजा. तिथं ४०० नि तुमच्याकडं ३४० असेल तर दोष मधल्या तारेत: बारीक तार, लांब अंतर, ढिले जोड. दोन्हीकडं कमी असेल तर डीपीवर भार जादा किंवा वरूनच कमी येतंय.

मग डीपीची पाटी खालूनच वाचा. केव्हीए म्हणजे डीपीची ताकद; ६३ केव्हीएवर साधारण ६० एचपी चालतात. सगळ्यांचे एचपी जोडा. इथंच भांडणं लागतात, कारण मंजुरी ५ ची नि बोअरमध्ये साडेसातची! टोकाच्या माणसाचं व्होल्टेज बहुतेकदा शेजारीच खातो, असं माझं मत. जादा भार आधी रीतसर मंजूर करून घ्या, नाहीतर साहेब पहिल्याच पाहणीत तेच पुढं करणार. ऑटो स्विच काढा, लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम उठतात नि फ्यूज जातो. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर (तारेतले अँपिअर कमी करणारा डबा) लावा.

अर्ज डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्यांनी, आकड्यांचा तक्ता जोडून महावितरणच्या शाखा कार्यालयात द्या नि आवक क्रमांक घ्या. १९१२ या फोन नंबरवरही तक्रार नोंदवा. दाद नाही लागली तर २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आहे; सांगली जिल्हा कोल्हापूर परिमंडलात येतो. त्याच्यावर विद्युत लोकपाल.

काम झालं म्हणून सही मागायला आले, तर आधी सगळ्या मोटरी चालू करायला लावून मोजा. मोकळ्या लायनीवर ४१० दिसतंच.