वेरूळला मोबाइलने फोटो काढताय? या चुका टाळा

वेरूळचं कैलास लेणं पाहून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये बहुधा सारखाच फोटो असतो: वर पांढरंफटक आकाश, खाली काळपट दगड आणि मागे कललेलं मंदिर. बोल मात्र फोनला लागतो. माझ्या मते निम्म्याहून अधिक फोटो चुकीच्या वेळेमुळे आणि चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे फसतात.

सकाळी वेरूळ गाठणं

घृष्णेश्वराचं दर्शन उरकून नऊ-दहाला लेण्यांत शिरायचं, हा बहुतेकांचा ठरलेला बेत. पण ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागून वर येतो, त्यामुळे दर्शनी भाग सावलीत राहतो आणि आकाश लख्ख असतं. एवढी तफावत साध्या कॅमेऱ्याला पेलत नाही. म्हणून क्रम उलटा करा. ऊन चढायच्या आत देवगिरीचा किल्ला पाहा आणि दुपारी तीननंतर वेरूळला या. तिरप्या उन्हात प्रत्येक मूर्तीला सावलीची कड मिळते, कोरीव काम उठून दिसतं. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातही याच सुमारास पश्चिमेचा उजेड आत शिरतो. तिथली बुद्धमूर्ती तेव्हाच टिपावी. लेणी सूर्यास्ताला बंद होतात आणि मंगळवारी उघडतच नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

इतर वास्तूंनाही हाच हिशेब लागू पडतो. गेटवे ऑफ इंडियाचं तोंड समुद्राकडे, पूर्वेला आहे; सकाळी शहराच्या बाजूने फोटो काढलात तर कमान काळी येणारच. सीएसएमटीची दर्शनी बाजू पश्चिमेला, म्हणजे तिथे दुपारनंतर जावं. निघण्याआधी नकाशावर वास्तूचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहून घ्या.

फोन वर करून सगळं एकदम पकडणं

कैलास ज्या खड्ड्यात कोरलंय तो सुमारे 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि 107 फूट खोल आहे. अंगणात उभं राहून फोन वर कलवला की खांब आत झुकतात आणि शिखर मागे पडल्यासारखं दिसतं. ०.५एक्स, म्हणजे वाइड लेन्स लावली तर हा दोष आणखी वाढतो. कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेषा चालू करा आणि फोन खांबांना समांतर, सरळ धरा. शिखर कापलं जात असेल तर कापू द्या. एखादा हत्ती, एखादा ध्वजस्तंभ नीट घ्या. पूर्ण मंदिरासाठी बाजूच्या वाटेने टेकडीवर चढा. आधी कळस, मग खाली पाया, असं वरून खाली खोदत नेलेलं हे काम किती अचाट आहे ते तिथूनच कळतं. कड्याच्या टोकाशी मात्र जाऊ नका.

तरीही थोडा कल राहिला तर फोनच्या एडिटमध्ये तो सरळ करता येतो. त्यात कडा कापल्या जातात, म्हणून चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून फोटो काढा.

अंधारात फ्लॅश, उजेडात सगळं फोनवर सोडणं

अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे, आणि ती पाळायलाच हवी. वेरूळच्या दगडावरही फ्लॅशने मूर्ती सपाट होते. लेण्यात उजळ दार फ्रेममध्ये आलं की फोन गोंधळतो. दार बाहेर ठेवा किंवा उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की प्रकाश थोडा कमी करा. जळून पांढरा झालेला भाग पुन्हा मिळत नाही, काळा भाग मात्र बराचसा उजळता येतो. हात हलत असेल तर कोपरं अंगाला चिकटवा, किंवा फोन जमिनीवर पिशवीला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा. आधार म्हणून शिल्पाला टेकू नका.

डोंगर मुंगीएवढा दिसणं

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा वाइड लेन्सने काढला की त्याचा थरार जातो. २एक्स झूम वापरून कड्याचा एखादाच भाग घ्या आणि कडेपासून सुरक्षित अंतरावर उभा असलेला माणूस त्यात येऊ द्या, म्हणजे उंची कळेल. कडा पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सूर्योदय गडाच्या तारामती शिखरावरून आणि सूर्यास्त कड्यावरून पाहावा.

फोन खिशातून काढला की लेन्स आधी स्वच्छ सुती फडक्याने पुसा. बोटांच्या तेलकट डागाने प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं. आणि घरी पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे बारकावे दबणार नाहीत.