ट्रॅक डेला निघण्याआधी: ऑइल कोणतं, किती, आणि डिकीत जास्तीचा डबा

ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेसिंगच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. त्यासाठी सगळ्यात आधी डिकीत इंजिन ऑइलचा एक लिटरचा डबा टाका. इंजिनात जे भरणार आहात तेच ऑइल, त्याच ग्रेडचं, सील न फोडलेलं. ग्रेड कोणता ते पुढे ठरवू, डबा आधी. गेल्या खेपेला ग्रेडवर आठवडाभर काथ्याकूट झाला आणि हाच डबा घरी कपाटात राहिला, म्हणून यादी इथून सुरू होते.

हेल्मेट, ब्रेक फ्लुइड, पॅड, चाकांचे नट, टायरची हवा हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावर वेळ घालवत नाही.

आता ग्रेड. मॅन्युअल उघडा आणि दोन गोष्टी कागदावर उतरवा: व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा, ५डब्ल्यू-४० असा लिहिलेला, तोच ग्रेड) आणि गाडीच्या कंपनीची मान्यता. मान्यतेची नावं अशी असतात: फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोलला बहुतेक वेळा ५०२ ००, मर्सिडीजला २२९.५, बीएमडब्ल्यूला एलएल-०१, पोर्शेला ए४०. तुमच्या गाडीला यातलं कोणतं ते तुमचं मॅन्युअल सांगेल, काउंटरवरचा पोरगा नाही. डब्यामागे बारीक अक्षरात 'अप्रूव्हल' लिहिलंय की 'सूटेबल फॉर' लिहिलंय तेही बघा. पहिल्याचा अर्थ कंपनीने ऑइल तपासून मान्य केलंय, दुसऱ्याचा अर्थ ऑइलवाल्याचं स्वतःचं मत. वॉरंटीतल्या गाडीसाठी हा फरक पैशांचा आहे.

ग्रेडमधल्या 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यू म्हणजे पातळ ऑइल, हा गैरसमज सोडा. ०डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ही दोन्ही १०० अंशांना एकाच पट्ट्यात बसतात: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप). चेन्नईत किंवा कोइमतूरला सकाळी सहा वाजताही तुम्हाला ०डब्ल्यूची गरज नसते. पण तुमच्या मान्यतेचं ऑइल त्याच ग्रेडमध्ये मिळत असेल तर बिनधास्त घ्या, ते काही वाईट नाही.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा, आणि ट्रॅकवर तोच कामाचा. रस्त्यावर ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं. ट्रॅकवर चार-पाच लॅपमध्ये १२० होतं, उन्हाळ्यात १३० सुद्धा. १०० ला १४ सेंटिस्टोक असलेलं ४० चं ऑइल १३० ला साधारण निम्म्यावर येतं. म्हणून नुसता ग्रेड बघून भागत नाही, डेटाशीटवर एचटीएचएस नावाचा आकडा शोधा. १५० अंशांना, जोरात रगडलं जात असताना ऑइलमध्ये किती दम उरतो, ते हा आकडा सांगतो. ट्रॅकसाठी ३.५ च्या खाली जाऊ नका. डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) ए३/बी४ किंवा सी३ लिहिलेलं असेल तर ३.५ ची हमी आपोआप मिळते. ए५/बी५ असेल तर नाही, ते मायलेजसाठी बनवलेलं असतं. डेटाशीट ऑइलवाल्याच्या वेबसाइटवर फुकट मिळते. तिथे नोआक नावाचा आकडाही असतो: २५० अंशांना तासाभरात ऑइलचे किती टक्के उडून जातात ते. ए३/बी४ ला मर्यादा १३ टक्के. जितका कमी तितकं बरं, कारण उडालेलं ऑइल लेव्हलमधूनच जातं. आणि लेव्हलकडे आपण परत परत येणार आहोत.

गाडीला ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर? तो ग्रेड बऱ्याच अंशी मायलेज आणि धुराच्या चाचण्यांसाठी दिलेला असतो. फोर्डचंच बघा: २०११ च्या मस्टँग जीटीच्या ५ लिटर इंजिनाला ५डब्ल्यू-२०, आणि त्याच घराण्यातलं इंजिन ट्रॅकसाठी तयार करून बॉस ३०२ मध्ये घातलं तेव्हा ५डब्ल्यू-५०. कंपनीला फरक ठाऊक असतो, मॅन्युअलच्या पहिल्या पानावर तो लिहीत नाहीत इतकंच. ट्रॅक डेसाठी एक पायरी वर चढा: २० असेल तर ३०, ३० असेल तर ४०. वॉरंटी चालू असेल तर मॅन्युअलमधला तक्ता नीट वाचा, अनेकदा जाड ग्रेडला त्यातच परवानगी असते.

आणि 'जाड ते भारी' म्हणून थेट ५० किंवा ६० भरू नका. बेअरिंगमधली फट ज्या ऑइलसाठी कापलीय त्याहून जाड ऑइल तिथून नीट वाहत नाही. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल परत संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) पडतं. मीटरवर प्रेशर छान दिसतं आणि बेअरिंग तापत असतं. व्हॉल्व्ह टायमिंगही ऑइलवरच चालतं, तेही सुस्तावतं. ५० चं ऑइल कुणासाठी? रीमॅप केलेलं (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेलं) इंजिन, ऑइल कूलर लावूनही १३० च्या वर जाणारं तापमान, किंवा फटी मोकळ्या ठेवून बांधलेलं इंजिन. बाकीच्यांना ४० च्या वर जायची गरज नाही. टॅक्सीवाल्यांचं मिनरल २०डब्ल्यू-५० तर विषयच नाही. बाइकचं ऑइलही नको, ते क्लच घसरू नये म्हणून बनवलेलं असतं.

डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो गाडी असेल तर आणखी एक: पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत जास्तच. म्हणून सहा महिने गावात फिरवलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊ नका, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. भरायचं ते एपीआय (अमेरिकन मानक) एसपी किंवा त्यापुढचं घ्या. कमी आरपीएमला दाबल्यावर टर्बो इंजिनात अवेळी स्फोट होतात, ते टाळण्याची चाचणी त्यात असते. एस्टरवालं रेसिंग ऑइल घ्यायला हरकत नाही, पण त्याला बहुधा कंपनीची मान्यता नसते, आणि ते दहा हजार किलोमीटर चालवायचं नसतं.

आता किती घ्यायचं. इथेच गोची होते, म्हणून हिशोब मांडतो. ऑक्टेव्हिया आरएसच्या २ लिटर टीएसआयला फिल्टरसकट सुमारे ५.७ लिटर लागतं. दुकानातून ४ लिटरचा एक आणि १ लिटरचे दोन घेतले की वाटतं झालं, सहा लिटर. भरल्यावर उरतं तीनशे मिली. फनेलला चिकटलेलं वजा केलं तर अडीचशे. ते टॉप-अप नव्हे. सातवा लिटर घ्या. त्याच पावतीवर, त्याच ब्रँडचा, शक्यतो त्याच बॅचचा. ट्रॅकच्या जवळच्या पंपावर तुमचं ५डब्ल्यू-४० मिळेल या भरवशावर राहू नका. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईत (चेन्नईचा ट्रॅक) काय किंवा कोइमतूरबाहेर कारी स्पीडवेला काय, तिथे जे मिळेल ते ट्रकचं मिळेल.

सील, क्यूआर कोड आणि तारीख बघून घ्या. नकली ऑइल सर्रास मिळतं. मोकळा झालेला डबा भोसकून टाका, नाहीतर तोच परत भरून विकला जातो.

ऑइल आठवडाभर आधी बदला, आदल्या रात्री नको. फिल्टर कंपनीचाच. स्पिन-ऑन (फिरवून बसवायचा) फिल्टर असेल तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की ६,००० आरपीएमला ती उडतात आणि सगळं ऑइल ट्रॅकवर, तुमच्या मागच्या गाडीच्या टायरखाली. संपच्या बोल्टचा वायसर नवा. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. 'हाताने अंदाज येतो' म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या हातून ॲल्युमिनियमच्या संपचे आटे जातात. मग शंभर-दोनशे किलोमीटर चालवा, खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा आणि सकाळी डाग बघा.

भरायचं कुठवर? लेव्हल मोजायच्या काडीवरच्या (डिपस्टिक) वरच्या खुणेपर्यंत. खालची आणि वरची खूण यात साधारण एक लिटरचं अंतर असतं. रस्त्यावर मधोमध असली तरी चालते, ट्रॅकवर नाही. १ जीच्या (बाजूचा जोर गाडीच्या वजनाइतका) कॉर्नरला संपमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो. सगळं ऑइल एका भिंतीवर चढतं आणि पंपाची तोटी उघडी पडली की पंप हवा ओढतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला एक लांबलचक उजवा कॉर्नर आहे, तिथे गाडी कितीतरी सेकंद एकाच बाजूला कललेली राहते. पाच लिटरचा संप पंप काही सेकंदांत उपसतो. चिकट टायर लावले की प्रश्न आणखी वाढतो, कारण गाडी जास्त जोरात वळते. कमी ऑइल आणि भारी टायर ही बेअरिंग घालवायची पक्की रेसिपी. बॅफल (संपमधले ऑइल अडवणारे पडदे), मोठा संप, अक्युसंप (प्रेशरखाली ऑइल साठवणारी जादा टाकी) यांचा खर्च नंतर करा, आधी लेव्हल वर ठेवा. पण खुणेच्या वर अर्धा लिटर ओतण्याची हुशारीही नको, कंपनीने सांगितलं असेल तरच. क्रँक त्यात बुडून फेस काढतो आणि फेसाला प्रेशर नसतं.

प्रेशरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो आयडलवर चालणाऱ्या इंजिनाच्या कमी प्रेशरसाठी बसवलेला असतो. ६,००० आरपीएमला तो पेटेपर्यंत बेअरिंगची वरात निघालेली असते. लेव्हल बघणं हाच उपाय.

पुण्याहून कोइमतूर हजार-बाराशे किलोमीटर. हायवेला टर्बो गाडी थोडं ऑइल पिते. म्हणून पोचल्यावर, पहिल्या सेशनच्या आधी, एकदा लेव्हल. घरी भरलं होतं म्हणजे भरलेलं आहे असं नाही.

सकाळी पाणी ९० वर आलं म्हणजे इंजिन तापलं असं नाही. ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ८० अंश होईपर्यंत ४,००० च्या वर नेऊ नका. ऑइल तापमानाचं मीटर नसेल तर ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. १३० च्या पुढे गेलं की एक लॅप सावकाश, १४० दिसलं की सेशन संपलं, मित्र कितीही पुढे जात असले तरी.

आणि आता तेच: प्रत्येक सेशननंतर लेव्हल. प्रत्येक. दिवसातून एकदा नाही. एकाच जागी, सपाट जमिनीवर गाडी लावा (पिटमध्ये उतार असतो, खालचं नाल्याचं झाकण बघून जागा ठरवा), इंजिन बंद करून दर वेळी तेवढीच मिनिटं थांबा, दहा म्हणजे दहा, मग काडी काढा, पुसा, घाला, काढा, वाचा. पुसण्याचं फडकं धागे न सुटणारं. आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर लिहा. पाव खाली गेली असेल तर दोनशे-अडीचशे मिली घाला, पाच मिनिटांनी परत बघा. एका दमात अर्धा लिटर नाही. बीएमडब्ल्यू, पोर्शेसारख्या काडी नसलेल्या गाड्यांत स्क्रीनवरचं मोजमाप सपाट जागी, गरम आयडलिंग इंजिनावर होतं, म्हणजे बंद करण्याआधी करायचं. बंद केल्यावर आठवलं तर परत तापवत बसा.

दुसऱ्या सेशनला थोडी खाली, तिसऱ्याला आणखी थोडी, आणि 'अजून दोन खुणांच्या मध्ये आहे ना, जाऊ दे' असं म्हणून चौथ्याला निघायचं: इथेच इंजिनं जातात. मध्ये आहे म्हणजे अर्धा लिटर कमी आहे. डबा डिकीत आहे ना? मग ओता. डबा नसेल तर शेजाऱ्याकडून त्याच ग्रेडचं मागा, ब्रँड वेगळा असला तरी चालेल. एक सेशन वेगळ्या ब्रँडने मरत नाही, अर्धा लिटर कमी असण्याने मरतं. तेही नसेल तर गाडी पार्क करा. चहा प्या. खरंच.

शेवटचा लॅप गाडी थंड करायला सावकाश, ब्रेक न वापरता. पिटमध्ये मिनिट-दीड मिनिट आयडल, टर्बोमध्ये ऑइल जळून कोळसा होऊ नये म्हणून. बॉनेट उघडा. हँडब्रेक नको.

घरी परतताना निघण्याआधी लेव्हल. परतीचे हजार किलोमीटर असतातच, आणि बऱ्याच जणांचा डबा तिथे संपलेला असतो.

आल्यावर दोन सेशनचा छोटा दिवस असेल आणि १२० च्या वर गेलं नसेल तर ऑइल राहू दे. पूर्ण दिवस असेल तर काढा. पांढऱ्या भांड्यात उन्हात धरा: बारीक चंदेरी चकाकी दिसली तर फिल्टर कापून बघा, तांबूस चमक दिसली तर गाडी चालू करू नका. पेट्रोलचा वास आला तर इंजेक्टर. जुनं ऑइल गटारात नाही, भंगारवाल्यालाही नाही, रीसायकलवाल्याला.

नवं ऑइल मागवताना सात लिटर. सहा नाही.