एफवायला आलात? आधी नोटीस बोर्ड वाचा

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर बसते. समोर तुम्ही, मधे लोखंडी जाळी, माझ्या पाठीशी फायलींचं कपाट. मुलं तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. एफवायची, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाची, मुलं कशात अडकतात हे इथून जितकं दिसतं तितकं वर्गातून दिसत नसावं.

बारावीपर्यंत कोणी ना कोणी मागे लागलेलं असतं, क्लासवाले सर नाहीतर आई. डिग्रीला कोणी मागे लागत नाही, फक्त नोटीस लागते. ग्रुपवर तिचा फोटो फिरतो, पण तो अर्धा कापलेला असतो आणि नेमकी शेवटची तारीख खाली राहते. तेव्हा आल्या-आल्या बोर्डासमोर एकदा उभं राहायचं आणि मगच कँटीनला जायचं.

आता कागदपत्रं. एल.सी., म्हणजे आधीचं कॉलेज सोडल्याचा दाखला, आमच्याकडे जमा झाली की परत मिळत नाही, त्यामुळे देण्याआधी तिच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. मार्कशीट लॅमिनेट करू नका. घरचे हौसेने करतात, आणि पुढे कुठे शिक्का मारायची वेळ आली की पंचाईत होते. आधार, मार्कशीट आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का, ते आजच बघा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नावच नाही, तिसरीकडे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, असं दर वर्षी निघतं. एबीसी आयडी (तुमचे क्रेडिट ज्या खात्यात जमा होतात त्याचा नंबर) काढताना आणि महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना हीच गाडी अडते. स्कॉलरशिपचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. खातं आहे म्हणजे ते जोडलेलं आहेच असं नाही, बँकेत जाऊन विचारा.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. ठाण्यात मामलेदार मिसळ त्या कचेरीच्या शेजारीच आहे, पण आधी दाखल्याचा अर्ज टाका, मग मिसळ खा. उलट केलं तर दुपारी रांग वाढलेली असते, आणि तिखटाने डोळ्यांत पाणी घेऊन रांगेत उभं राहण्यात मजा नाही.

लांबून येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण त्यांचेच हाल जास्त होतात. शहापूरकडची मुलं आसनगावहून लोकल धरतात, मुरबाडची एसटीने कल्याणपर्यंत येऊन पुढे गाडी पकडतात. कॉमर्सची लेक्चरं बऱ्याच ठिकाणी सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, आणि कसाऱ्याकडच्या गाड्या काही दर पाच मिनिटांनी नाहीत. एक चुकली की पहिलं लेक्चर गेलंच. पहिल्या आठवड्यातच वर्गशिक्षकांना गाठून कुठून येता, कोणत्या गाडीने येता, ते सांगून ठेवा. हजेरी ७५ टक्के लागते. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आल्यावर गाडीचं कारण सांगितलं तर ते सबब वाटतं, जुलैत सांगितलं तर ती माहिती असते. मेडिकल सर्टिफिकेटचंही तसंच. आजारपण ऑगस्टचं आणि कागद मार्चमध्ये, असं चालत नाही. बरे होऊन आलात की त्याच दिवशी देऊन टाका.

लोकलच्या पासाला विद्यार्थ्यांना निम्मी सवलत आहे. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजातूनच मिळतो, पण हातोहात मिळेल असं धरून चालू नका. जुना पास संपायच्या दिवशी मुलं धावत येतात आणि नेमके त्या दिवशी सही करणारे सर मीटिंगला गेलेले असतात. आठवडाभर आधी अर्ज टाका.

विषय निवडताना मैत्रिणीने काय घेतलं ते बघू नका. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आहे, एका सेमिस्टरला २२ क्रेडिट. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह ही नावं ऐकून बावरायला होतं, पण हिशेब सोपा आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास वर्गात. ओपन इलेक्टिव्ह तुमच्या शाखेबाहेरचा विषय असतो. तो हलका म्हणून घेतात आणि त्यातच केटी लावून घेतात, म्हणजे नापास होऊन तो पेपर पुन्हा देत बसतात. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) जायचं असेल तर वर्षाचे १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, हे घरी आधीच सांगा. माझ्या मते जावं. लाजरी मुलं शिबिरातून परत येतात तेव्हा खिडकीवर आवाज चढवून बोलतात, आणि मला ते आवडतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. बी.ए., बी.कॉम.च्या बऱ्याच विषयांचे पेपर मराठीत लिहिता येतात. कोणते, ते त्या-त्या शिक्षकांकडून पक्कं करून घ्या. इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जात असेल तर मागच्या बाकावर बसून ते खाली उतरणार नाही. स्टाफरूमचं दार वाजवा, प्राध्यापक मंडळी तुम्ही समजता तितकी वाघ नसतात. घरात अभ्यासाला जागा नसेल तर कॉलेजची रीडिंग रूम आहे. आणि १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय याच ठाण्यात आहे, तिथे एकदा चक्कर मारा.

फी एकदम भरणं जमत नसेल तर प्राचार्यांच्या नावे हप्त्यासाठी साधा अर्ज लिहा आणि घेऊन या. मंजूर होईलच असं नाही, पण न मागता तर काहीच होत नाही. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२ हा नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

आणि पालकांनो, प्रवेशाच्या दिवशी जरूर या, पण नंतर खिडकीवर मुलांनाच पाठवा. मागच्या वर्षी एक आई मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरायला आल्या होत्या. मुलगा मागे उभा राहून मोबाईल बघत होता. मी मायनर कोणता म्हणून विचारलं, तर आईंनी वळून त्याच्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे. फॉर्म परत दिला, आत बसून त्याने स्वतः भरला. दोनदा खाडाखोड झाली, तिसरा फॉर्म मी माझ्याकडचा दिला.

येताना पेन आणा. जाळीला दोरीने बांधलेलं पेन आमच्याकडेही आहे, पण ते चालत नाही.