इंजिन उचललं की मगच हेडलाइट: पंपाच्या स्टार्टरमधली युक्ती

पलूसला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतीची थ्री फेज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात फोन ठरलेला. "मिस्त्री, मोटर उचलंना. यिऊन बघा की." एक वाजता उठायचं, जुनी बुलेट काढायची आणि अंकलखोपच्या बाजूला उसातून मळा गाठायचा. हेडलाइटचं बटण बंद करायचं मी कायम विसरतो. चावी फिरवली की बल्ब पेटतो, त्यातच सेल्फ मारला की म्हातारी बॅटरी मान टाकते. मग अंधारात किक.

हिशोब साधा आहे. ६०/५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार-पाच अँपिअर खातो. सेल्फ त्याच्या कितीतरी पट ओढतो, म्हणजे नव्या बॅटरीला बल्बचं ओझं जाणवतही नाही. बॅटरी थकलेली असली की मात्र तेवढंही नडतं. बटण बंद करून सेल्फ मारायची ज्याला सवय आहे, त्याने यातलं काहीही करू नये. मला ती लागली नाही, म्हणून इंजिन सुरू होईपर्यंत हेडलाइट तोडून ठेवणारा रिले लावला. रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच.

आधी आपली गाडी बघा. जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेट कॉइलच्या, म्हणजे इंजिन फिरलं की वीज देणाऱ्या कॉइलच्या, एसीवर चालतो. इंजिन बंद तर लाइट बंद. तिथे काम आधीच झालेलं आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याचा नियम लागला, त्या गाड्यांच्या लाइटच्या वायरीला हात लावू नका. एलईडी हेडलाइट आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) असलेल्या गाड्याही सोडा. हे काम आहे त्याआधीच्या, बॅटरीवर हेडलाइट चालणाऱ्या, बटण असलेल्या गाड्यांचं.

सामान: १२ व्होल्टचा ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले सॉकेटसह, वन एन ४००७ डायोड दोन, ४७० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कॅपॅसिटर एक, एक अँपिअरचा फ्यूज होल्डरसह, थोडी दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) आणि थोडी अर्ध्या स्क्वेअरची वायर, स्लीव्ह. कॅपॅसिटर २५ व्होल्टचा स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. कॉइलचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर कधी गेला तर ते चढतात आणि असा कॅपॅसिटर फुटतो.

इंजिन सुरू झालंय हे रिलेला सांगायचं कुणी? मॅग्नेट कॉइलने. इंजिनकडून रेग्युलेटरकडे एकाच रंगाच्या दोन किंवा तीन वायरी जातात, बहुतेक गाड्यांत पिवळ्या. मीटर एसीवर लावून त्यातल्या दोघींत बघा. चावी चालू, इंजिन बंद असताना शून्य हवं; इंजिन चालू झाल्यावर व्होल्ट दिसले पाहिजेत. रंगावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीची वायरिंग किती हातांखालून गेलेली असते कुणास ठाऊक.

यातल्या एकीवरून अर्ध्या स्क्वेअरची वायर काढा. लगेच फ्यूज, मग पहिला डायोड, पट्टीची बाजू रिलेकडे, आणि ती वायर रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला. (८५-८६ ही रिलेची कॉइल, ३०-८७ हा तिने जुळणारा कॉन्टॅक्ट.) ८५ फ्रेमच्या अर्थला, रंग खरवडून. ८६ आणि अर्थ यांच्यामध्ये कॅपॅसिटर, प्लस ८६ कडे. तो नसेल तर कॉइलच्या तुकड्या-तुकड्याने येणाऱ्या करंटवर रिले टिटवीसारखा ओरडतो.

आता हेडलाइटचा डूम उघडा. हेडलाइटच्या बटणाकडून डिपरकडे (अप्पर-लोअर बदलणाऱ्या स्विचकडे) जाणारी वायर शोधा आणि तीच कापा. बटणाकडचं टोक ३० ला, डिपरकडचं ८७ ला, दोन्हीकडे दीड स्क्वेअरची वायर. सांधे पिळून टेप मारू नका, सोल्डर करून स्लीव्ह चढवा. बुलेटची थरथर पिळलेला सांधा महिन्यात सैल करते. कापल्यावर टेललाइट आणि मीटरचा दिवा पूर्वीसारखे लागतात ना बघा. गेले असतील तर वायर चुकीच्या ठिकाणी कापलीय, एक फाटा पुढे सरका.

इतक्यावर थांबलात तरी चालेल. चावी फिरवा, अंधार. सेल्फ मारा, अंधार. इंजिन धरलं की लखकन उजेड.

मी मात्र इथे थांबलो होतो आणि पस्तावलो. ओढ्याच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बंद पडलं आणि त्याच क्षणी हेडलाइटही गेला. पुढे ओढा, बाजूला ऊस, गाडी अजून घरंगळतेय. इंजिन आल्यावर लाइट लागावा हे ठीक, पण इंजिन गेल्यावर तो जाता कामा नये.

तोडगा रोज माझ्या टेबलावर पडलेला असतो. पंपाच्या डीओएल (लाइन थेट मोटरला जोडणाऱ्या) स्टार्टरचं हिरवं बटण आपण क्षणभरच दाबतो, तरी मोटर चालू राहते. कारण आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिलेच, एकदा ओढला गेला की स्वतःच्याच कॉन्टॅक्टमधून स्वतःच्या कॉइलला सप्लाय देत बसतो. लाइन गेली की सुटतो. त्याला आम्ही होल्डिंग म्हणतो. इथेही तेच करायचं: दुसरा डायोड ८७ वरून ८६ वर, पट्टी ८६ कडे. एवढंच. इंजिनने एकदा रिले ओढला की पुढे तो स्वतःच धरून राहतो, आणि चावी किंवा लाइटचं बटण बंद करेपर्यंत इंजिन बंद पडलं तरी उजेड राहतो. बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारायचा असेल तर चावी एकदा बंद-चालू करा.

हे होल्डिंग लावताना मी एक मूर्खपणा केला तो सांगतो. जाड करंट मिळावा म्हणून ३० नंबर थेट बॅटरीला जोडला. घरी आलो, चावी काढली, लाइट ढणढणीत चालूच. होल्डिंग सुटणार कशावर, सप्लाय जातच नव्हता! पुतण्या म्हणाला, "काका, शेतकऱ्याला असा स्टार्टर जोडून दिलात तर तो पैसे देईल का?" ३० ला चावीमागचाच सप्लाय हवा, बटणातून आलेला.

या जोडणीत एक गंमत फुकट मिळाली. इंजिन बंद ठेवून उजेड हवा असतो, मोटरपाशी स्क्रू शोधताना वगैरे. माझ्या गाडीचा पास स्विच (ओव्हरटेकला लाइट मारायचं बटण) अप्परच्या वायरला थेट चावीचा सप्लाय देतो. चावी आणि लाइटचं बटण चालू ठेवून, डिपर अप्परला करून पास एकदा दाबला की तो सप्लाय डिपरमधून उलटा ८७ वर येतो, डायोडमधून ८६ ला जातो आणि रिले धरतो. म्हणजे झालं हिरवं बटण. त्याचा तोटाही तोच: सेल्फच्या आधी पास दाबायची खोड असेल तर डिपर लोअरला ठेवा.

शेवटी मीटर डीसीवर घेऊन बॅटरीवर लावा. इंजिन जरा रेस केल्यावर हेडलाइटसकट १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. त्याखाली असेल तर दुखणं चार्जिंगमध्ये आहे, रिले त्याला काही करणार नाही. रिले सीटखाली, पिना खाली करून बांधा, म्हणजे पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साचत नाही.