महिलांची ५०० मीटर स्पीड स्केटिंग शर्यत कशी पाहावी

हिवाळी ऑलिंपिकमधील महिलांची ५०० मीटर स्पीड स्केटिंग शर्यत पहिल्यांदाच पाहणाऱ्याचा बहुधा विरस होतो. बर्फावर दोघीच असतात, चाळीस सेकंदांच्या आत सगळे आटोपते, पुढे राहिलेली हात उंचावते आणि तरीही पदक कोणाचे ते कळायला पुढच्या साऱ्या जोड्या संपेपर्यंत थांबावे लागते. हा गोंधळ टाळायचा असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: शेजारच्या लेनमधली स्पर्धक ही खरी प्रतिस्पर्धी नसून खरी लढत घड्याळाशी असते. त्यामुळे 'पुढे कोण' या प्रश्नापेक्षा 'कोणत्या टप्प्यावर किती वेळ' हा प्रश्न विचारत ही शर्यत पाहिली, तर ती फार रंगते.

शॉर्ट ट्रॅक नावाचा प्रकार वेगळा आहे, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे. तेथे सुमारे १११ मीटरच्या छोट्या फेरीवर चार-पाच जणी एकत्र सुटतात, एकमेकींना ओलांडतात, पडतात, पाडतात. आपण ज्या शर्यतीबद्दल बोलत आहोत ती ४०० मीटरच्या लांब ट्रॅकवर, ठरलेल्या दोन लेनमध्ये होते. ५०० मीटर म्हणजे सुरुवातीचा १०० मीटरचा सरळ पट्टा आणि त्यानंतर घड्याळाच्या उलट दिशेने एक पूर्ण फेरी. आतल्या लेनमधून सुटणारीच्या दंडावर पांढरी पट्टी असते आणि बाहेरच्या लेनमधून सुटणारीच्या दंडावर लाल. पडद्यावर दोघींचे पोशाख सारखे दिसत असले तरी या पट्ट्यांवरून नजर चुकत नाही.

दोघी एकाच रेषेवरून सुटतात. धावण्याच्या शर्यतीत बाहेरच्या लेनला जसे पुढे उभे करतात तसे येथे करावे लागत नाही, कारण प्रत्येकीच्या वाट्याला एक आतले आणि एक बाहेरचे वळण येते. लेनची रुंदी सुमारे चार मीटर धरली तर बाहेरचे अर्धवर्तुळ आतल्यापेक्षा साधारण साडेबारा मीटरने लांब भरते. म्हणून पहिल्या वळणानंतर पांढऱ्या पट्टीची स्पर्धक बरीच पुढे गेलेली दिसते. त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

सुटण्याचा क्षण मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. 'रेडी' म्हटल्यावर दोघींनी वाकून पूर्ण स्थिर व्हायचे असते आणि बंदुकीचा आवाज होईपर्यंत स्केटचे टोकही हलवायचे नसते. एका जोडीत एकदा चूक झाली तर पुन्हा सुरुवात होते, पण दुसऱ्यांदा जी चुकते ती बाद होते, मग पहिली चूक तिची असो वा शेजारणीची. त्यामुळे एकदा परत बोलावलेल्या जोडीत दोघीही किंचित सावध सुटतात आणि तो सावधपणा पहिल्या शंभर मीटरच्या वेळेत उतरतो. त्या क्षणी सभागृहात शांतता असणे किती गरजेचे आहे, हे २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये जपानच्या नाओ कोदाइराने दाखवून दिले. नवा ऑलिंपिक विक्रम करून आल्यावर तिचे चाहते जल्लोष करत होते, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केले, कारण पुढच्या जोडीत कोरियाची ली सांग-ह्वा सुटणार होती.

पहिल्या १०० मीटरनंतर पडद्यावर एक आकडा झळकतो. तो कागदावर टिपून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. अव्वल स्पर्धकांमध्ये तो १०.२ ते १०.५ सेकंदांच्या आसपास असतो. या टप्प्यात स्केटिंग कमी आणि धावणे जास्त असते: पावले आखूड, टोके बाहेर वळलेली, दोन्ही हात जोरात हलणारे. सात-आठ पावलांनंतर ही धाव लांब, तिरक्या ढकलीत बदलते आणि हा बदल जिचा झटका न बसता होतो तिचे पुढचे वळण सहसा सुरळीत जाते.

त्यानंतर समोरच्या सरळ पट्ट्यावर दोघी लेन बदलतात. नियमाने आतून बाहेर जाणारीने टक्कर टाळायची असते, म्हणजे वाट बाहेरून आत येणारीची. दोघी अगदी बरोबरीने तेथे पोहोचल्या तर पांढऱ्या पट्टीवालीला वेग आवरता घ्यावा लागतो आणि एवढ्या छोट्या शर्यतीत ते नुकसान भरून काढणे जवळजवळ अशक्य असते. उलट लाल पट्टीवाली थोडी मागे असेल तर तिची चांदी होते, कारण समोर पाठलागासाठी लक्ष्य मिळते आणि पुढचीच्या मागे हवेचा विरोधही कमी होतो.

पण त्या फायद्याची किंमत लगेच मोजावी लागते. लाल पट्टीवालीला शेवटचे वळण आतून, म्हणजे लहान त्रिज्येवर, सर्वाधिक वेगात आणि मांड्या भरून आलेल्या असताना घ्यायचे असते. मला विचाराल तर सगळी शर्यत एका ठिकाणी पाहायची झाल्यास ते हे वळण. उजवा पाय डाव्यावरून टाकत जाताना कमरेची उंची कायम राहते का, डावा हात बर्फाकडे झेपावतो का आणि वळणातून बाहेर पडताना ती रेषेलगत राहते की बाहेरच्या लेनकडे फेकली जाते, एवढे तीन प्रश्न विचारावेत. नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ निल्स लिड योर्ट यांनी १९८४ ते १९९४ मधील जागतिक स्प्रिंट स्पर्धांचे आकडे तपासून, शेवटचे वळण आतून घेण्याचा तोटा सुमारे ०.०५ सेकंद असल्याचे दाखवले होते. त्याचा परिणाम म्हणून १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून प्रत्येकीला दोन्ही लेनमधून एकेकदा सोडून वेळांची बेरीज करण्याची पद्धत आली. ताशी ५५ किलोमीटरच्या वेगात ०.०५ सेकंद म्हणजे जेमतेम पाऊण मीटर. पण २०१० मध्ये व्हँकुव्हरला लीने जर्मनीच्या येनी वोल्फवर दोन शर्यतींच्या बेरजेत नेमक्या तेवढ्याच फरकाने, ७६.०९ विरुद्ध ७६.१४ अशी, मात केली होती. २०१८ पासून ऑलिंपिकमध्ये पुन्हा एकच शर्यत होते. निर्णय चटकन लागतो हे खरे, पण न्यायाच्या दृष्टीने जुनी पद्धत उजवी होती, असे माझे मत आहे.

आता टिपलेल्या आकड्याचा उपयोग पाहू. अंतिम वेळेतून पहिल्या १०० मीटरची वेळ वजा केली की उरते ती पूर्ण फेरीची वेळ. प्योंगचांगला लीने पहिले १०० मीटर १०.२० सेकंदांत, तर कोदाइराने १०.२६ सेकंदांत पार केले. म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर ली सुरुवातीला ०.०६ सेकंदाने पुढे होती. अंतिम वेळा मात्र कोदाइरा ३६.९४ आणि ली ३७.३३ अशा लागल्या. वजाबाकी केली की कोदाइराची फेरी २६.६८ सेकंदांची आणि लीची २७.१३ सेकंदांची येते. सुरुवातीला मिळालेली आघाडी गमावून लीने फेरीत ०.४५ सेकंद दिले. ली बाहेरच्या लेनमधून सुटली होती, त्यामुळे शेवटचे वळण तिला आतून घ्यावे लागले आणि तेथेच तिची लय बिघडली. पण ०.४५ सेकंद हा फरक योर्ट यांच्या ०.०५ पेक्षा कितीतरी मोठा आहे, तेव्हा सारे खापर लेनवर फोडता येत नाही. एवढी साधी वजाबाकी केली तरी समालोचकाच्या 'जबरदस्त सुरुवात' या शब्दांना किती महत्त्व द्यायचे ते आपले आपल्याला ठरवता येते.

स्केटकडेही एकदा निरखून पाहावे. पाते बुटाला पुढच्या बाजूस बिजागरीने जोडलेले असते, त्यामुळे टाच उचलली तरी पाते क्षणभर बर्फावर टेकून राहते आणि ढकल लांबते. पाते परत बुटावर आपटताना येणाऱ्या टपटप आवाजामुळे त्यांना क्लॅप स्केट म्हणतात. पुण्यामुंबईत ज्यांची मुले इनलाइन स्केटिंगच्या वर्गाला जातात त्यांना वळणावरचा पायावर पाय ओळखीचा वाटेल. २०२२ मध्ये बीजिंगला ३७.०४ सेकंदांत सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची एरिन जॅक्सन मूळची इनलाइन स्केटरच होती. त्याआधी अमेरिकेच्या निवड चाचणीत तिचा पाय अडखळला आणि ती तिसरी आली. ब्रिटनी बो हिने आपली जागा सोडली म्हणून तिला ही शर्यत मिळाली. या अंतरात एक अडखळणे किती महाग पडते, ते यावरून लक्षात यावे.

वेळांची तुलना करताना स्थळ पाहिल्याशिवाय बोलू नये. सॉल्ट लेक सिटीचा ट्रॅक समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने विरोध कमी होतो, म्हणूनच लीचा २०१३ चा ३६.३६ सेकंदांचा विश्वविक्रम तेथलाच, आणि तो मोडणारी नेदरलँड्सच्या फेम्के कोकची नोव्हेंबर २०२५ मधली ३६.०९ सेकंदांची वेळही तेथलीच. प्योंगचांग ऑलिंपिकची ही शर्यत जेथे झाली त्या समुद्रालगतच्या गांगनुंगमधील कोदाइराची ३६.९४ ही वेळ या आकड्यांच्या शेजारी ठेवून तिला कमी लेखणे योग्य नाही. तुलनेसाठी त्याच ट्रॅकवरच्या, शक्यतो त्याच दिवशीच्या वेळा घ्याव्यात, आणि निकालपत्रकात अंतिम वेळेबरोबर पहिल्या १०० मीटरचा रकाना व सुरुवातीची लेनही पाहावी.