पावनखिंड झाली, आता सीमेवरची वाट: संदकफू-फालुट कसा करावा

पन्हाळा-पावनखिंड दोन-तीन पावसाळे करून झाली की कोल्हापुरातल्या कुठल्याही ट्रेक ग्रुपात कुणीतरी ‘आता हिमालय’ म्हणतोच. अशांना मी दार्जिलिंगकडचं संदकफू शिखर आणि त्यापुढचं फालुट सुचवतो. सिंगालीला डोंगररांगेच्या धारेवरून पश्चिम बंगाल आणि नेपाळची सीमा जाते आणि पायथ्याच्या मानेभंजन गावाहून निघालेली वाट कधी या देशात, तर कधी त्या देशात असते. तुमलिंगला मुक्काम केलात तर झोपायला नेपाळ, दुसऱ्या दिवशी गैरीबासला उतरलात की परत भारत.

आधी कागदपत्रं. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण वाटेत सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवून वहीत नाव लिहावं लागतं. पासपोर्ट किंवा मतदान कार्ड घ्या, तेही मूळ. आधारवर विसंबू नका आणि मोबाईलमधला फोटो तर विसराच. वाट ज्यातून जाते त्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आणि गाईड दोन्ही मानेभंजनला होतात. उद्यान १५ जून ते १५ सप्टेंबर बंद असतं, त्यामुळं पावनखिंडीचा हंगाम इथं चालत नाही. डोंगर स्वच्छ दिसायला हवेत तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, गुरांसची (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुलं बघायची तर एप्रिल.

कोल्हापूरहून थेट गाडी नाही. मुंबईहून गुवाहाटीकडं जाणारी एखादी गाडी धरून न्यू जलपाईगुडीला उतरा, किंवा विमानानं बागडोगरा. तिथून जीपनं मानेभंजन.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. रंकाळ्याला फेऱ्या मारून हे होत नाही, चढ पाहिजे. दर रविवारी पाठीवर आठ किलो घेऊन वाघबीळहून पन्हाळा चढा, आणि उतरताना जीप पकडू नका, कारण या ट्रेकला गुडघे उतारावरच बोलतात. पाय तयार होतील, उंचीचं मात्र इथं काही करता येत नाही. पन्हाळा हजार मीटरसुद्धा नाही, संदकफू ३,६३६ मीटर. तिथं सगळ्यात आधी दमतो तो आपल्यातला पैलवान, कारण तो पहिल्या दिवशी पळतो. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही. तिथंच थांबा, आणि त्रास वाढला तर खाली उतरा. त्यात लाज कसली?

पहिला मुक्काम तुमलिंग, दुसरा कालापोखरी, तिसरा संदकफू. बिखेभंजनपासूनचा शेवटचा चढ सरळ अंगावर येतो. पहाटे आभाळ मोकळं असेल तर समोर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा, आडव्या झोपलेल्या बुद्धासारखं, आणि डावीकडं लांबवर एव्हरेस्ट.

आता एक गंमत, जिनं आमचा सूर्योदय जवळजवळ घालवला होता. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे. रात्री निम्म्या मोबाईलनी नेपाळचं नेटवर्क पकडलं. पाचला अंगणात जमायचं ठरलेलं. चौघं येऊन कुडकुडत शिव्या घालतायत आणि उरलेले आत निवांत मोजे घालतायत! त्यामुळं मोबाईलची वेळ आपोआप बदलण्याची सोय आधीच बंद करा, रोमिंगही. एक साधं मनगटी घड्याळ असलेलं बरं.

सीमेवर कुंपण नसतं. गवतात गुडघाभर उंचीचा दगडी खांब दिसतो, बाकी मधून शेळ्या जातात. म्हणून वाट सोडून भटकू नका, ड्रोन घरी ठेवा आणि चौकीचे किंवा जवानांचे फोटो काढू नका. लॉजवर भारतीय पैसे चालतात, पण शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. जेवायला डाळ-भात मिळतो. आपल्या जिभेला तो मवाळ लागणार, तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीची पुडी सोबत असू द्या. लॉजवरच्या दिदीला चमचाभर दिलीत तर चुलीजवळची जागा मिळते, हा स्वानुभव.

संदकफू ते फालुट २१ किलोमीटर आहे, जवळपास सगळं धारेवरून. वाटेत दुकान नाही, पाणी कमी, त्यामुळं सकाळी सहाला बाहेर पडा. फालुटला नेपाळ, सिक्कीम आणि बंगाल एकत्र येतात. तिथून गोरखेला उतरा आणि पुढं रिम्बिकला पोचून जीप धरा. जाताना चौक्यांवर नाव लिहिलं होतं, तशी गाईडला विचारून बाहेर पडल्याची नोंदही करून घ्या, नाहीतर त्यांच्या वहीत तुम्ही अजून डोंगरावरच असता.