जुन्या मारुती ओम्नीचे स्पार्क प्लग बदलताना
ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उचलूनच प्लगपाशी हात पोचतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात. मुंबईच्या पावसाळ्यात खालून चिखल उडतो, प्लगभोवती रेती साठते. ती आधी हवेने उडवा, नाहीतर थेट सिलिंडरमध्ये पडते. वायर ओढू नका, तिच्या टोकाची, प्लगवर बसलेली टोपी धरून पिळत काढा. प्लग अडला तर गंज सोडवणारं तेल टाकून थांबा, मग थोडंथोडं पुढे-मागे फिरवा.

नव्या प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. मला सर्वात उपयोगी पडतो तो रबरी नळीचा तुकडा: प्लगच्या वायरकडच्या टोकाला घट्ट बसवून त्यानेच फिरवायचं. आटा तिरका गेला तर नळी घसरते, हेड वाचतं. नव्या प्लगचा वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, बस.